शब्दचर्चा : ‘त्सित्सित’ म्हणजे गोंडा, झालर की दशी?

अक्षरजुळणी :
बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकात (१५:३८) इस्राएल लोकांना, देवाच्या आज्ञांची आठवण राहावी म्हणून वस्त्राच्या टोकांना ‘त्सित्सित’ (मूळ हिब्रू शब्द) करायला सांगितलं आहे. मराठीत ‘गोंडा’ रुळला आहे, कुठे ‘झालर’ही दिसते. ‘दशी’ हा जुना मराठी शब्द जास्त नेमका नाही का? आणि त्याच वाक्यात टोकासाठी आलेल्या ‘कनफ’ला काठ म्हणावं की आणखी काही?

सुतकताई :
झालर आधी बाद करू. झालर काठभर फिरते. त्सित्सित फक्त चार कोपऱ्यांवर असते, म्हणून ती चार टोकं असलेल्या वस्त्रालाच लागते. बायबलच्याच ‘अनुवाद’ या पुस्तकात (२२:१२) ‘चार टोकांना’ असं स्पष्ट आहे. तिथे शब्द वेगळा आहे, ‘गदिलीम’, म्हणजे पीळ देऊन गुंफलेले दोर.

‘दशी’ सुचणं साहजिक आहे, पण इथे ती अर्थच उलटा करते. दशी म्हणजे त्याच कापडाचा, कडेला सुटा राहिलेला धागा. तालमुद या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाच्या मनाहोत भागात (४२ब) नेमकी हीच गोष्ट नाकारली आहे : कापडाच्या कडेला लोंबणाऱ्या धाग्यांचीच त्सित्सित केली तर ती बाद. धागे वेगळे हवेत, याच हेतूने कातलेले हवेत आणि बाहेरून आणून ओवायला हवेत.

कृती पाहिली की हे पटतं. कोपऱ्यावर एक भोक पाडतात. ते कडेपासून तीन अंगठ्यांच्या रुंदीपेक्षा दूर नको, नाहीतर ते ‘टोक’ राहत नाही. आणि अंगठ्याच्या नखापासून पहिल्या सांध्यापर्यंतच्या अंतरापेक्षा जवळही नको. भोकातून चार धागे ओवून दुमडले की आठ पदर होतात. चारांतला एक लांब ठेवतात, त्याला ‘शमाश’ म्हणजे सेवक म्हणतात. वेढे त्याचेच घालायचे. अश्कनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) रिवाजात दुहेरी गाठ, ७ वेढे, गाठ, ८ वेढे, गाठ, ११ वेढे, गाठ, १३ वेढे आणि शेवटची गाठ. पाच गाठी, ३९ वेढे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असतं. ‘परमेश्वर एक’ या हिब्रू शब्दांच्या अक्षरमूल्यांची बेरीजही ३९ (२६ + १३). सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या) ज्यू लोकांत १०, ५, ६, ५ असे वेढे प्रचलित आहेत. देवाच्या चार अक्षरी नावातल्या एकेका अक्षराचं ते मूल्य. वेढ्यांचा भाग एक तृतीयांश आणि मोकळे धागे दोन तृतीयांश, हे प्रमाण उत्तम मानतात.

चुकतं कुठे, तर घाईत. एकच लांब धागा चारदा ओवला, गाठी मारल्या आणि मग दुमडलेली टोकं कापली, तर दिसायला सगळं बरोबर असूनही ती त्सित्सित बाद. बांधताना ते वेगळे धागे नव्हते, कापल्याने आपोआप झाले. नियम असा की ‘ती कर, आधीच झालेल्यातून होऊ देऊ नकोस’.

तेव्हा ‘गोंडा’च ठेवावा, पण क्रियापद सांभाळावं. गोंडे ‘शिवले’ किंवा ‘लावले’ म्हटलं की शोभेची वस्तू डोळ्यांपुढे येते. गोंडे ‘ओवून बांधले’ असं लिहावं.

नवगाव :
एक जोड. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची भाषा मराठीच, आणि त्यांच्याकडे प्रार्थनेच्या शालीलाच ‘सिसिथ’ म्हणतात. गोंड्याचं नाव सगळ्या वस्त्राला मिळालं. त्या समाजाबद्दल लिहिताना ‘सिसिथ’ तसाच ठेवावा.

पाठभेद :
माझ्या मते खरी अडचण ‘कनफ’ची आहे. मूळ अर्थ पंख, त्यावरून वस्त्राचं टोक. ‘काठ’ लिहिलं की दोन्ही अर्थ जातात.

बायबलच्या ‘रूथ’ पुस्तकात (२:१२) शेतमालक बवाज परदेशातून आलेल्या विधवा रूथला म्हणतो, तू देवाच्या पंखांखाली आश्रयाला आलीस. पुढे ३:९ मध्ये रूथ त्यालाच म्हणते, तुझं कनफ माझ्यावर पसर. शब्द तोच. बवाजाचं वाक्य ती त्यालाच परत देते आहे, आणि तिची ही मागणी लग्नाची आहे. दुसऱ्या ठिकाणी ‘पांघरूण घाल’ केलं तर हा धागा तुटतो. तिथे मी ‘पदर’ घेईन. शेल्यालाही पदर असतो, त्यामुळे पुरुषाच्या वस्त्राला तो खटकत नाही, आणि पदरात घेणं म्हणजे आसरा देणं हे मराठीत वेगळं सांगावं लागत नाही.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात २४व्या अध्यायात दावीद गुहेत, त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाच्या झग्याचं कनफ कापतो आणि लगेच त्याचं मन त्याला खातं. कापडाच्या तुकड्यापायी एवढी टोचणी का? शेजारच्या मेसोपोटेमियात वस्त्राचं टोक हे माणसाच्या जागी धरलं जाई. मुद्रा नसेल तर मातीच्या पाटीवर टोकाचा ठसा उमटवत. मारी या तिथल्या प्राचीन नगरात सापडलेल्या पत्रांत, भविष्य सांगणाऱ्याच्या केसांची बट आणि वस्त्राचं टोक राजाकडे पाठवल्याचे उल्लेख आहेत. घटस्फोटात बायकोच्या वस्त्राचं टोक कापत. या पार्श्वभूमीवर दाविदाने राजाच्या अधिकारालाच हात लावला होता. तिथे ‘चिंधी’ किंवा ‘तुकडा’ नको. ‘झग्याचं टोक’ हवं. गोंडे टोकांवरच का, याचंही कारण यातच दिसतं : जिथे माणसाची ओळख, तिथेच आज्ञांची आठवण.

महायाजकाच्या झग्याला (‘मईल’) खाली डाळिंबं आणि सोन्याच्या घंटा असतात, निर्गम २८:३३. तिथे कनफ नाही, ‘शूल’ आहे. त्याला ‘घोळ’ बरोबर बसतो. टोक आणि घोळ यांची सरमिसळ करू नये.

अक्षरजुळणी :
आणि त्याच वचनात गोंड्यावर सांगितलेली ‘निळी फीत’?

सुतकताई :
फीत चपटी असते. ‘पतील’ म्हणजे पीळ दिलेला दोरा, तेव्हा ‘निळा पिळाचा दोरा’. पण ‘निळीने रंगवलेला’ असं चुकूनही लिहू नये. ‘तखेलेत’, म्हणजे वचनातला हा निळा, रंग समुद्री गोगलगायीचा. आज बहुतेक अभ्यासक ती म्युरेक्स ट्रंक्युलस मानतात. तिच्या ग्रंथीतला रस मुळात जांभळ्याकडे जातो. विरघळलेल्या अवस्थेत त्याला ऊन लागलं की रेणूतलं ब्रोमीन सुटतं आणि लोकर निळी होते. वनस्पतीची नीळ तालमुदला माहीत होती, तिला ‘कला इलान’ म्हणत. डोळ्याला फरक कळत नाही, म्हणूनच ती तखेलेत म्हणून खपवणाऱ्याला तालमुदच्याच बावा मत्सिया भागात (६१ब) कडक शब्दांत बजावलं आहे. पुढे खरा रंग मिळेनासा झाला आणि गोंडे पांढरेच राहिले.

पाठभेद :
याला जोडून ‘शातनेझ’, म्हणजे लोकर आणि पिश्तीम एकत्र असलेलं कापड. अनुवादात गोंड्यांच्या लगेच आधीच्या वचनात (२२:११) त्याला मनाई आहे. पिश्तीमला ‘ताग’ म्हटलं की आपल्याकडे गोणपाट आठवतं. तो जवसाच्या खोडाचा धागा आहे, ‘लिनन’ लिहिलेलं बरं. आणि शातनेझला ‘भेसळ’ म्हणू नये, कारण ते हलकं कापड नाही. महायाजकाच्या एफोदात (झग्यावरच्या खास याजकी वस्त्रात) रंगीत लोकर आणि तलम लिनन एकत्रच आहे. जे पवित्रस्थानी राखून ठेवलं, ते घरी नको, असा मनाईचा रोख दिसतो. लिननच्या शालीला तखेलेतचा लोकरी दोरा ओवला तर हेच मिश्रण सामान्य माणसाच्या अंगावर येतं, आणि गोंड्यांपुरती मूळ नियमात त्याला मुभा होती. नंतरच्या पंडितांनी ती मुभा आवरती घेतली. त्याची जी कारणं तालमुदमध्ये चर्चेत येतात, त्यांत एक कला इलानची धास्ती : दोरा नकली निळीचा निघाला तर गोंड्याची आज्ञा पाळली जात नाही, मनाई मात्र मोडते.