मदत हवी आहे: सामानाने गाडी मागून बसतेय

आम्ही दोघं देशाच्या दुसऱ्या टोकाला कायमचं राहायला निघालोय, आमच्याच हॅचबॅकने. सहा दिवसांचा प्रवास आहे, रात्री चालवणार नाही. काल सगळं भरून पाहिलं तर गाडी मागून इतकी बसली की गतिरोधकावर मडफ्लॅप घासला.

पुस्तकांची खोकी डिकीतून काढून पुढच्या सीटमागे, खाली ठेवली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेली हवा टायरमध्ये भरली. थोडा फरक पडला, पण हेडलाइटचा झोत अजून वर जातो. शॉकअप मेकॅनिकने तपासलेत, ठीक आहेत. टपावर काही बांधायचं नाही. आईचं शिलाई मशीन तर सोबत येणारच.

मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवून एवढा लांबचा प्रवास कुणी केलाय का? की पुस्तकं पार्सलने पाठवून वजनच कमी करावं?