फॉर्म्युला वन मिळमिळीत झालंय का?

तिसरा_गिअर

२०२४ ची मोनॅको ग्रां प्री बघता बघता मला झोप लागली. दुपारच्या आमरसाचा थोडा दोष असेल, पण जाग आली तेव्हा चित्र जसंच्या तसं: लेक्लेर्क पुढे, त्यामागे पियास्त्री, त्यामागे साइंझ. पहिल्याच फेरीत तिघांची धडक झाली, शर्यत थांबवणारा लाल झेंडा निघाला, तेवढ्यात सगळ्यांनी टायर बदलून घेतले आणि पिटमध्ये यायचं कारणच संपलं. पुढच्या सत्तरहून जास्त फेऱ्या एकामागून एक, मुंग्यांसारख्या. पहिले दहा ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले. फॉर्म्युला वनमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं. शेजारी बसलेल्या लेकीने विचारलं, "बाबा, ही शर्यत आहे की वरात?"

मी शूमाकर-हॅकिनेनच्या दिवसांपासून बघतोय. तेव्हा वळण चुकलं की गाडी खडीत रुतायची आणि ड्रायव्हर हेल्मेट काढून पायी परत यायचा. आता चुकलेला गडी बाहेरच्या डांबरावर ऐसपैस फिरतो आणि टपरीवर चहा पिऊन आल्यासारखा पुन्हा रांगेत लागतो. पाऊस आला की सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवायला लावणारी गाडी. २०२१ ला बेल्जियमच्या स्पामध्ये तिच्या मागे घिरट्या घातल्या, त्याचाच निकाल लावला, अर्धे गुण वाटले आणि वर पोडियमही केला! शिवाय ड्रायव्हरच्या डोक्यावर तो हेलो, डोकं वाचवणारी धातूची चौकट. चपलेचा अंगठा उलटा बसवल्यासारखा दिसतो.

कुणी मरावं असं मला वाटत नाही, हे आधीच लिहून ठेवतो. पण भीतीच काढून घेतली तर बघायचं काय?

कोपऱ्यातली_खुर्ची

"आधीच लिहून ठेवतो" म्हटलं म्हणजे सुटलात असं नाही.

त्या चपलेच्या अंगठ्याबद्दल. २९ नोव्हेंबर २०२०, बहारीन, पहिलीच फेरी. ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटरने लोखंडी कठड्यात घुसली. धक्का गुरुत्वाच्या ६७ पट. गाडीचे दोन तुकडे झाले, मागचा तुकडा अलीकडे पडला, पुढचा तुकडा ड्रायव्हरसकट कठड्याच्या फटीत आणि पेटलेला. मी थेट बघत होते. स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तव्यावरची भाकरी करपली तरी कळलं नाही. आगीचा लोळ दिसला आणि कॅमेरा लगेच दुसरीकडे गेला. कॅमेरा असा वळला की त्याचा अर्थ काय, हे जुन्या प्रेक्षकांना सांगायला नको.

तो सुमारे २८ सेकंद आगीत होता. डावा पाय पेडलपाशी अडकला होता, तो त्याने हिसडा मारून काढला, बूट आतच राहिला. भाजलेल्या हातांनी स्वतः कठडा ओलांडून आला. फाटलेला कठडा जिथून आरपार गेला, तिथे हेलो नसता तर त्याचं डोकं होतं. आणि हेलो आणायचं ठरलं तेव्हा विरोध करणाऱ्यांत ग्रोजाँ स्वतः होता. दवाखान्यातल्या खाटेवरून त्याने शब्द मागे घेतले. तुम्ही सोफ्यावरून घ्यायला हरकत नाही.

तिसरा_गिअर

हेलोचं मागे घेतलं. बाकीचं नाही.

मधला_पाना

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातायत. शर्यत कंटाळवाणी झाली हे खरं. ती सुरक्षिततेमुळे झाली, हे फारच थोडं खरं.

मोनॅकोचंच बघा. रस्ता तोच, गाडी मात्र फुगलेली. २०२४ ची गाडी दोन मीटर रुंद आणि साडेपाच मीटरच्या आसपास लांब. त्या गल्लीत ती आडवी घातली की मागच्याने फक्त तिचा नंबर वाचत बसायचं. २००८ साली ड्रायव्हरसकट किमान वजन ६०५ किलो होतं, २०२५ ला ८०० झालं. त्यात हेलोचे जेमतेम सात. धडक सोसणाऱ्या भागांचंही वजन वाढलं, ते नाकारत नाही, पण बॅटरी, हायब्रिडचा सगळा बाडबिस्तरा आणि मोठे टायर यांचा वाटा कुणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट हवा. ही गाडी नुसत्या टायरवर वळत नाही, हवेच्या दाबाने जमिनीला चिकटून वळते. पुढच्या गाडीने हवा घुसळून ठेवली की मागच्याची पकड जाते, गाडी घसरते, घसरली की टायर तापतात, तापले की तो स्वतःच दोन सेकंद मागे राहतो. म्हणून २०११ पासून मागच्या पंखाची फट उघडून वेग वाढवायची सोय दिली, तर ओव्हरटेक हायवेवर ट्रक मागे टाकल्यासारखं झालं. झालं एकदाचं, पण टाळी कुणाला द्यायची? २०२६ च्या नियमांत ती सोय गेली, गाडी दहा सेंटिमीटर अरुंद झाली, किमान वजन ७६८ वर आलं. दुखणं कुठे आहे हे नियम करणाऱ्यांनाही कळलंय, आणि त्यांनी हेलोला हात लावला नाही.

तिसरं तर कुणाच्या लक्षातच येत नाही: गाड्या बंद पडायच्या थांबल्या. १९९६ च्या मोनॅकोत शेवटी तीनच गाड्यांनी शर्यत संपल्याचा झेंडा पाहिला आणि पानिस चौदाव्या जागेवरून सुटून जिंकला. इंजिनाचा धूर ही तेव्हाच्या थराराची निम्मी गोष्ट होती. त्याचा जिवाच्या धोक्याशी काय संबंध?

रेटून_बोलतो

पाना साहेब, ओव्हरटेक नाही म्हणून कंटाळा, हे मला पटत नाही. १९९२ च्या मोनॅकोत मॅन्सेल शेवटच्या फेऱ्यांत नव्या टायरवर आयर्टन सेनाच्या मागे लागला. डावीकडून नाक घाल, उजवीकडून घाल, सेनाने झिजलेल्या टायरवर वाट दिली नाही ती नाहीच. ओव्हरटेक शून्य. तरी लोक ती शर्यत आजही काढून बघतात, कारण दोघांच्या बाजूला भिंत होती आणि एक चूक म्हणजे खेळ खलास.

तिसरा गिअरना तेच म्हणायचंय. आणि ज्यांना धोका हवाय त्यांना तो मिळू द्या ना. आयल ऑफ मॅन बेटावर टीटी नावाच्या शर्यतीत आजही सुमारे ६० किलोमीटरच्या गावरस्त्यावर, घरांच्या दगडी भिंतींना खेटून मोटरसायकली पळतात. कुणी जबरदस्तीने नेत नाही. सज्ञान माणसं आहेत, सही करून जातात.

कोपऱ्यातली_खुर्ची

त्या रस्त्यावर आजवर अडीचशेहून जास्त जीव गेलेत. २०२२ च्या एका टीटीत सहा. हेही त्याच वाक्यात लिहायचं होतं.

आणि मोनॅकोची भिंत २०२४ लाही तिथेच होती. हलवली नव्हती कुणी.

रेटून_बोलतो

हं. तो मुद्दा मला अडचणीचा आहे.

धूळधाण_२०११

सहसा नुसतं वाचतो, पण "सज्ञान माणसं, सही करून जातात" यावर गप्प बसवेना.

२०११ ला ग्रेटर नोएडाला पहिली इंडियन ग्रां प्री झाली तेव्हा मी मार्शल होतो. मित्रांबरोबर पुण्याहून ट्रेनने गेलो. मानधन म्हणाल तर जेवणाचा डबा आणि टोपी. शुक्रवारच्या पहिल्याच सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं, लाल झेंडा लागला. जगभर हसू झालं ते माहीतच असेल. आम्हीही आधी हसलो. मग आमच्या पोस्टच्या प्रमुखाने शांतपणे विचारलं, "तिथे कुत्र्याच्या जागी तू असतास तर?" आमचं कामच ते होतं. तुकडा पडला तर धावत जाऊन उचलायचा, गाडी अडकली तर ढकलायची. कानात बोळे घालूनही त्या व्ही-आठ इंजिनांचा आवाज बरगड्यांत वाजायचा, आणि गाडी दिसायच्या आधी पायाखालची जमीन हलायची.

रविवारी शर्यतीआधी मिनिटभर सगळे स्तब्ध उभे होतो. दोन आठवड्यांपूर्वी लास व्हेगासच्या शर्यतीत डॅन व्हेल्डनचा जीव गेला होता, आठवड्यापूर्वी सेपांगला मोटरसायकलींच्या मोटोजीपीत सिमोनचेल्लीचा. एवढ्या मोठ्या स्टेडियमात फक्त जनरेटरचा आवाज.

आता सहीचं. १९७७ ला क्यालामीत एक १९ वर्षांचा मार्शल अग्निशामक घेऊन ट्रॅक ओलांडत होता. टॉम प्राइसची गाडी त्याच्यावर आली, तो जागीच गेला, आणि त्याच्या हातातला तो बंब लागून प्राइसही गेला. २००० ला मोंझात सुटलेलं चाक लागून एक मार्शल गेला, पुढच्याच वर्षी मेलबर्नला तसाच दुसरा. चाकं बांधून ठेवणारे दोर तेव्हाही होते, यानंतर ते आणखी मजबूत केले. ड्रायव्हर गेला की त्याचं स्मारक होतं, वळणाला नाव मिळतं. मार्शलचं नाव तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? धोका ड्रायव्हर एकटा पत्करत नाही हो. बाजूला डबा आणि टोपीवर आलेली पोरं उभी असतात.

रेटून_बोलतो

मार्शलचा विचार मी खरंच केला नव्हता. टीटीबद्दल माझं मत तरी बदललेलं नाही, पण फॉर्म्युला वनपुरतं गप्प बसतो.

तिसरा_गिअर

धूळधाण, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. पण माझा मूळ मुद्दा खडीचा होता, तो सगळ्यांनी बाजूला ठेवला. मला रक्त नको. मला चुकीची किंमत हवी. वळण चुकलं तर काहीतरी गेलं पाहिजे, वेळ, जागा, काहीतरी.

मधला_पाना

या एका मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूला.

२०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीत गाडी पांढऱ्या रेषेबाहेर गेल्याच्या १२०० हून जास्त शंका तपासाव्या लागल्या. शर्यत संपल्यावर काही तासांनी दंड लागले आणि निकाल बदलला. प्रेक्षक घरी पोचले आणि मग कळलं कोण कितवा आला! ड्रायव्हर बदमाश आहेत म्हणून हे होत नाही. बाहेर डांबर असेल तर बाहेरून जाणं जलद पडतं, मग कोण नाही जाणार? पुढच्या वर्षी त्या शेवटच्या वळणांना कडेला खडीची एक अरुंद पट्टी घातली. एवढंच. तक्रारी जवळजवळ संपल्या, कारण चाक खडीत गेलं की वेळ आपोआप जातो, कॅमेरे लावून मोजावा लागत नाही.

फक्त खडीला संत करू नका. डांबर आलं ते कुणाच्या लहरीने नाही. आडवी घसरत आलेली गाडी खडीत रुतली की कोलांट्या खाते. २०१६ ला मेलबर्नमध्ये अलोन्सोची गाडी खडीत तशीच उलटली. आणि उलटी झालेली गाडी खडीवर थांबतच नाही. २०२२ ला सिल्व्हरस्टोनला झोऊची गाडी उलटी होऊन खडीवरून सरपटत गेली, टायरांच्या भिंतीवरून उडून जाळीत जाऊन अडकली. डोक्यामागची कमान मोडली होती. तो वाचला तो पुन्हा त्या चपलेच्या अंगठ्यामुळे. तेव्हा रेषेला लागून दोन मीटर खडी, तिच्यामागे डांबर, असा मेळ घातला की चूक महाग पडते आणि जीवही जात नाही.

तिसरा_गिअर

हे मान्य. पण मग स्पा २०२१ कुठल्या खात्यात टाकायचं?

कोपऱ्यातली_खुर्ची

त्याच स्पामध्ये ऑगस्ट २०१९ ला आंतुआन युबेर धडकेत गेला, फॉर्म्युला टू या खालच्या गटाच्या शर्यतीत. २०२३ ला पावसात दिलानो फान ट हॉफ, १८ वर्षांचा. चढावर वळण, पलीकडचं दिसत नाही, आणि ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीने उडवलेल्या पाण्याच्या भिंतीत मागचा आंधळा. पुढे कुणी आडवा थांबलाय हे त्याला लागेपर्यंत कळत नाही. सुझुकात २०१४ ला बियांकी पावसातच क्रेनला धडकला आणि पुढच्या जुलैत गेला. आठ वर्षांनी त्याच सुझुकात, पावसात, गास्लीच्या बाजूला पुन्हा क्रेन! रेडिओवर तो किंचाळत होता. म्हणजे "अति सुरक्षित" वगैरे काही नाही, कधी कधी जेमतेम सुरक्षितही नसतं.

तिसरा_गिअर

शर्यत घेतली नाही याबद्दल माझी तक्रारच नाही. घेतली नाही आणि घेतल्यासारखं दाखवलं, याबद्दल आहे. लोक दिवसभर पावसात छत्र्या धरून बसले होते. सरळ सांगायचं, आज नाही जमणार, घरी जा. अर्धे गुण कशाचे? पाऊस पडला म्हणून?

कोपऱ्यातली_खुर्ची

यावर भांडण नाही. तो पोडियम बघून मलाच लाज वाटली होती.

धूळधाण_२०११

+१. मार्शलही दिवसभर तिथेच भिजत उभे होते.

तिसरा_गिअर

काल लेकीला बसवून रेटूननी सांगितलेल्या १९९२ च्या शेवटच्या तीन फेऱ्या दाखवल्या. म्हटलं, बघ, याला म्हणतात शर्यत. ती नीट बघत होती. मॅन्सेलने दोनदा नाक घातलं तेव्हा पुढे सरकून बसलीसुद्धा. मग म्हणाली, "पण बाबा, हा पुढचा एवढा हळू का चालवतोय? आणि मागचा मनात असूनही का जाऊ शकत नाही? हे तर त्या वरातीसारखंच आहे."

आता तिला झिजलेले टायर समजावतोय. पाना साहेब, हवा कशी घुसळते ते तुम्ही येऊन समजवा.