ग्राफीन घातल्यावर कार्बन नायट्राइडचा वेग घटतो, कारण काय?

ताळगाव_प्रकाश:
झाकलेल्या क्रुसिबलमध्ये मेलामाइन ५५० अंशांवर ४ तास तापवून ग्राफिटिक कार्बन नायट्राइड (प्रकाशात पाण्यातले रंग तोडणारी उत्प्रेरक पावडर) केलंय. त्यात ५ टक्के ग्राफीन ऑक्साइड घालून ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्रात) १८० अंशांवर ठेवलं, म्हणजे त्याचं ग्राफीन होतं. आता चाचणीचा निळा रंग मिथिलीन ब्लू अंधारातच भराभर उतरतो, पण दिवा लावल्यावरचा वेग साध्या पावडरीपेक्षा कमी. जुलैत इथं उन्हाचा भरवसा नाही, म्हणून पांढरा एलईडी आहे.

कुळागर:
५ टक्के फारच झाले, बाब. प्रकाशानं सुटलेले इलेक्ट्रॉन ग्राफीननं ओढून होलपासून (मागं उरलेल्या धन भाराच्या जागांपासून) लांब ठेवायचे. जास्त झालं की तेच प्रकाश गिळतं. ०.२५, ०.५, १ आणि २ टक्के असे नमुने करा. ५०० मिग्रॅ पावडरीला १ टक्का म्हणजे २ मिग्रॅ/मिली द्रावणाचे २.५ मिली.

नुसतं ढवळून भागत नाही. उदासीन पाण्यात दोघांवरही ऋण भार, मग चिकटणार कसे? पावडर आधी हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून धुवा, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये पसरवा आणि ग्राफीन ऑक्साइड थेंबथेंब सोडा. थोडा वेळ ठेवल्यावर वरचं पाणी नितळलं की जमलं. तुलनेची साधी पावडरही याच आम्लातून आणि ऑटोक्लेव्हमधून काढा, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही.

झुवारीकाठ:
खरी गोम मिथिलीन ब्लूमध्ये आहे. धन भाराचा रंग, ग्राफीनवर बसणारच. ते विघटन नव्हे. अंधारात ढवळताना लागोपाठची दोन वाचनं जुळली की तिथून मोजायला लागा. शिवाय हा रंग ६६४ नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश घेतो, तर कार्बन नायट्राइड ४६० च्या पुढे जवळपास आंधळं. पांढऱ्या एलईडीचा बराच उजेड त्याच्या कामाचाच नाही. ४२० चा एलईडी लावा.

आणि बिनरंगी फिनॉल घ्या, १० मिग्रॅ/लिटर. वेळ लागेल. या होलमध्ये पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल काढण्याएवढा जोर नाही, काम मुख्यतः सुपरऑक्साइडवर (ऑक्सिजननं इलेक्ट्रॉन घेऊन होणाऱ्या रॅडिकलवर) चालतं. म्हणून हवा सोडत राहा. फिनॉल २७० नॅनोमीटरच्या आसपास मोजताना विघटनातले मधले पदार्थही दिसतात, एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मिळालं तर बरं.

ताळगाव_प्रकाश:
नमुना सिरिंज फिल्टरनं गाळला तर? पुढं मांडवी नदीचं पाणीही घ्यायचंय.

झुवारीकाठ:
काही फिल्टर रंग धरून ठेवतात, सेंट्रिफ्यूजच करा. मांडवी शेवटी. भरतीओहोटी आणि पावसागणिक तिचा खारेपणा बदलतो, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे ग्राफीनचे गोळे होतात. प्रत्येक बाटलीवर कंडक्टिव्हिटी लिहून ठेवा.