‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ला ‘त्वरण’ म्हणावे का?

प्रश्न : त्रिमितीय आरेखनाच्या एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मराठीत आणताना ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’साठी मी ‘यंत्रणा-त्वरण’ असा शब्द योजला आहे. तो योग्य वाटतो का? ‘रेंडरिंग’लाही, म्हणजे आकृतीच्या माहितीवरून संगणकाने चित्र तयार करण्यालाही, प्रतिशब्द सुचवावा.

उत्तर : ‘त्वरण’ टाळावे, असे माझे मत आहे. त्वरण म्हणजे वेगातील बदलाचा दर, हे आपण शाळेपासून शिकतो. त्यामुळे तो शब्द वाचताच काहीतरी अधिकाधिक वेगाने धावू लागल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. येथे तसे काही घडत नाही; दृश्य रंगवण्याचे काम मुख्य प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडे जाते, एवढेच. या चिपचा घड्याळवेग (सेकंदाला किती टप्पे पार पडतात तो वेग) तर बहुधा मुख्य प्रोसेसरपेक्षा कमीच असतो. तरीही काम लवकर उरकते, कारण तिच्यातील शेकडो-हजारो लहान गणनएकके एकच कृती वेगवेगळ्या बिंदूंवर एकाच वेळी करतात. १९२० × १०८० पिक्सेलांचा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा, तर सुमारे १२ कोटी ४४ लाख वेळा पिक्सेलचा रंग ठरवावा लागतो, आणि त्यासाठी एका पिक्सेलला शेजारच्याच्या उत्तराची वाट सहसा पाहावी लागत नाही.

म्हणजे अर्थाचा गाभा ‘सोपवणे’ हा आहे. काय सोपवले, हे मात्र काळानुसार बदलत गेले. १९९६च्या व्हूडू या ग्राफिक्स कार्डाकडे आकृती ज्या लहान त्रिकोणांची बनते त्यांत पोत (पृष्ठभागाचे चित्र) भरणे आणि कोणता बिंदू कोणाच्या मागे झाकला जातो हे तपासणे एवढेच होते. त्या त्रिकोणांचे शिरोबिंदू फिरवण्याचे गणित मुख्य प्रोसेसरच करीत असे. १९९९च्या जीफोर्स २५६ या कार्डाने तेही चिपवर नेले.

प्रश्न : मग ‘गतिवर्धन’ कसे वाटते?

उत्तर : तो शब्द निदान परिणाम तरी नेमका सांगतो, म्हणून शीर्षकात चालेल. सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय निवडण्यासाठी खूण करायच्या चौकटीपुढे मात्र मी ‘त्रिमितीय दृश्य रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवा’ असे सरळ वाक्य लिहीन. ती चौकट रिकामी ठेवली की माउसने फिरवलेली आकृती अडखळत वळते आणि प्रोसेसरचा पंखा घोंघावू लागतो. वाचकाला शब्दाचा अर्थ तेथेच कळतो.

‘रेंडरिंग’साठी ‘प्रस्तुतीकरण’ नको, कारण त्याने सादरीकरण सुचते. ‘चित्रण’ म्हटले की कॅमेरा आठवतो. शिवाय तासन्‌तास चालणाऱ्या कामाला लोक ‘रेंडर लावून ठेवला आहे’ असे सर्रास म्हणतात, ते तसेच राहू द्यावे. पडद्यावर क्षणोक्षणी होणाऱ्या क्रियेला ‘दृश्य रंगवणे’ पुरेसे आहे.