संगणक सकाळी चार-पाचदा बटण दाबल्यावर चालू व्हायचा, आता निळ्या पडद्यावर अडकतो. फॉरमॅट करावाच लागेल का?

प्रश्न

बाबांचा डेस्कटॉप आहे, २०१२ साली त्यांनी स्वतः सुटे भाग आणून जुळवलेला. ते गेल्यापासून मी वापरते. गेले दोन-अडीच महिने सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की पंखा जेमतेम एक गिरकी घेतो आणि सगळं गप्प. चार-पाच वेळा दाबल्यावर एकदाचा चालू होतो. दुपारी बंद करून पुन्हा लावला तर मात्र पहिल्याच दाबाला सुरू. रात्री भिंतीवरचं बटण मी आठवणीने बंद करते, बाबांची तशी शिस्त होती.

मग घड्याळ मागे पडायला लागलं. गेल्या आठवड्यात काळ्या पडद्यावर ओळ आली: सीमॉस चेकसम एरर, एफ१ दाबा. दाबलं. विंडोज १०चं चिन्ह दिसलं आणि लगेच निळा पडदा, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. तेव्हापासून रोज हेच.

दुरुस्ती करणाऱ्या एकांना दाखवला. दहा मिनिटांत म्हणाले, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून नवीन टाकू. मी उचलून घरी आणला. बाबा रोज सकाळी पावसाचं माप घेऊन एक्सेलमध्ये लिहायचे. २००३ पासूनच्या त्या नोंदी याच डिस्कवर आहेत, दुसरी प्रत नाही. त्या मला गमवायच्या नाहीत. कृपया नीट सांगा.

उत्तर १

रॅम काढून पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसा, परत खटका वाजेपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. माझा असाच बंद पडला होता, यानेच सुरू झाला. बीप वाजतात का?

प्रश्नकर्ती

चालू होतो तेव्हा एकच छोटा बीप, नेहमीसारखाच. रॅम पुसून बसवली, फरक नाही.

उत्तर २

ताई, फॉरमॅट करू नका. मी अठरा वर्षं संगणक दुरुस्त करतोय आणि तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींपैकी एकही मला विंडोज बिघडल्याची वाटत नाही.

घड्याळापासून सुरू करू. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर, रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२. वीज असते तोवर घड्याळ तिच्यावर चालतं, भिंतीवरचं बटण बंद झालं की सगळा भार या सेलवर. तो संपत आला की आधी वेळ मागे पडते, मग बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालणारा, संगणक सुरू करणारा प्रोग्राम) सेटिंग पुसल्या जातात. चेकसम एरर म्हणजे नेमकं तेच. एफ१ दाबल्यावर बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो.

आता निळा पडदा. हार्ड डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती त्या काळच्या बोर्डांवर असायच्या, आयडीई आणि एएचसीआय. २०१२च्या आसपासचे बरेच बोर्ड मूळ सेटिंगला आयडीईवर असत. बाबांनी एएचसीआय करून विंडोज टाकलं असेल, तर सेटिंग पुसल्यावर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. डिस्क शाबूत, माहितीही शाबूत. अशा वेळी फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकलं की ते चालतं, म्हणून दुरुस्ती झाली असं वाटतं. सगळा डेटा मात्र विनाकारण गेलेला असतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की मला याचा खरोखर राग येतो.

वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग सेल बदला. लिहिलेली बाजू वर. नंतर चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, तारीख-वेळ घाला, साटा मोड शोधा, म्हणजे वरच्या दोन पद्धतींपैकी एक निवडायची जागा. आयडीई असेल तर एएचसीआय करा, एफ१० ने सेव्ह. अंदाज चुकला तर पुन्हा निळा पडदा येईल एवढंच, परत आयडीई करायचं. रेड (अनेक डिस्क एकत्र वापरायची पद्धत) असं लिहिलेलं दिसलं तर हात न लावता इथे सांगा.

सकाळच्या चार-पाच दाबांचं दुखणं वेगळं आहे. तो एसएमपीएस असावा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) जुने होऊन सुकले की गार असताना नीट काम करत नाहीत, जरा ऊब आली की करतात. एक रात्र भिंतीवरचं बटण चालू ठेवून बघा. सकाळी पहिल्याच दाबाला उठला तर संशय पक्का. मदरबोर्डवरचे कपॅसिटरही पाहून घ्या, कुणाचं डोकं फुगलंय का, तपकिरी ओघळ आहे का. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर भार साठून राहू शकतो.

उत्तर ३

वरचं निदान मलाही पटतं, पण क्रम बदला. एसएमपीएस डळमळीत असताना त्याच डिस्कवर प्रयोग नकोत. आधी डिस्क काढून यूएसबी-साटा जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावा आणि नोंदी उतरवून घ्या. डेस्कटॉपची ३.५ इंची डिस्क असेल तर स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेली जोडणी घ्या, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही. दुसऱ्या संगणकाने डिस्क फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा.

उत्तर २

बरोबर. हे मीच आधी लिहायला हवं होतं. ताई, प्रत आधी.

प्रश्नकर्ती

चार दिवसांनी लिहितेय. मैत्रिणीच्या लॅपटॉपला डिस्क लावली, फोल्डर जसंच्या तसं होतं. दोन पेनड्राइव्हवर प्रती घेतल्या आणि एक भावाला पाठवली. फाइल उघडून २००३चा जून पाहिला तेव्हा कुठे श्वास घेतला.

मग सेल बदलला. जुना मीटरवर १.९ व्होल्ट दाखवत होता. बायोस उघडण्याआधी कपाटात मदरबोर्डची पुस्तिका शोधली. साटा मोडच्या पानावर बाबांनी एएचसीआयभोवती पेन्सिलने गोल केलाय. बायोसमध्ये आयडीई दिसत होतं. ते बदलताच विंडोज सरळ उघडलं.

काल रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं नाही. आज सकाळी पहिल्याच दाबाला चालू झाला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर सपाट आहेत, टॉर्चने एकेक पाहिले. नवीन एसएमपीएस मागवलाय. तो येईपर्यंत बटण चालूच ठेवते.