आईच्या गोधडीचं ठिगळ फाटलं, आणि गुरुवारी घरी प्रार्थना आहे

राहुरीची लेक

सगळ्यांना सलाम.

दोन प्रश्न आहेत. एक सुईचा, एक चुलीचा. तिसराही आहे, पण तो विचारावा की नाही असं चाललंय. शेवटी बघू.

आईची एक गोधडी माझ्याकडे आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली. वरून हिरवं इरकली लुगडं, खालून दादांची दोन धोतरं जोडलेली. मधे काय घातलंय ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं. पायाकडच्या बाजूला लुगडं विरलं होतं, तळहाताएवढं. मी पिंपरीतून चांगलं सुती कापड आणलं, नवं कोरं, रंगसुद्धा जुळला. मशीनला हात लावला नाही, दोन संध्याकाळी बसून बारीक टाक्यांनी ठिगळ लावलं. मग धुतली. वाळल्यावर बघते तर ठिगळ आक्रसून गोळा झालेलं आणि त्याच्या चारी बाजूंनी लुगडं टाक्यांच्याच रेषेत फाटलेलं. तळहाताएवढं होतं ते ताटाएवढं झालं. किती तरी वेळ गच्चीतच बसून राहिले.

त्या भोकातून आतलं कापड दिसलं. जाडसर, मळकट पांढरं, पिशवी उसवून सपाट केलेलं. त्यावर पुसट निळी छपाई, एकमेकांत मिळवलेले दोन हात. मावशीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, ती दुष्काळातली पिशवी. बहात्तरची. तुझी आई तेव्हा खडी फोडायला जायची ना." मला खडीचं माहीत होतं, पिशवीचं नव्हतं.

तर ठिगळाचं आता काय करू?

चुलीचा प्रश्न असा. येत्या गुरुवारी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला मंडळाची प्रार्थना माझ्याकडे आहे, चौदा-पंधरा जणी. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, तेव्हा सामोसे आणि बर्फी नको असं मीच म्हटलं. शिवाय मीच मोठ्या तोंडाने सांगून बसलेय की येताना सुई आणि एकेक जुनी सुती साडी आणा, इथल्या वृद्धाश्रमासाठी दोन गोधड्या घालू. म्हणजे तीन-साडेतीन तास बसणार. खायला काहीतरी साधं हवं, एका पातेल्यात होणारं, पोटभरीचं, आणि ज्याने बोटं तेलकट होणार नाहीत. नाहीतर साड्यांवर डाग.

आता तिसरा विचारूनच टाकते. आमच्यात एक नवी सूनबाई आहे, हुशार मुलगी, शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास चांगला. ती म्हणाली, "काकू, वचन वाचताना सुया खाली ठेवायच्या ना?" मी हो म्हटलं आणि रात्रभर ते मनात राहिलं. माझ्या आईला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं. तिला स्तोत्रं पाठ होती आणि ती गोधडी घालतानाच म्हणायची. तेविसावं स्तोत्र म्हणजे दीड वीत धावदोरा. दादा गमतीने म्हणायचे, हिला एकशे एकोणिसावं लावून द्या, अख्खी एक बाजू होईल. (176 ओव्या आहेत त्यात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.) ती प्रार्थना अर्धवट होती असं मला म्हणवत नाही.

वाकळवाली

ताई, रागावू नका, पण हे तर शास्त्रातच लिहून ठेवलंय! मत्तय 9:16. कोऱ्या कापडाचं ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावत नाही, कारण ते वस्त्राला फाडतं आणि भोक मोठं होतं. आमचे पाळक (पास्टर) यावर अर्धा तास बोलतात, नवं-जुनं, नियमशास्त्र, कृपा वगैरे. मी मनात म्हणते, ज्याने कुणी ही गोष्ट सांगितली त्याने घरात आईला ठिगळ लावताना बघितलं होतं.

कोऱ्या सुती कापडात खळ असते आणि धागा ताणलेला असतो. पहिल्या-दुसऱ्या पाण्यात ते आक्रसतं. तुमचं लुगडं पन्नास वर्षं धुऊन धुऊन आक्रसायचं तेवढं आक्रसलंय, त्याच्यात आता ताकद नाही. एक ओढणार, दुसरं सोडणार नाही, मग फाटणारच. बारीक टाके घातलेत ती दुसरी चूक. जवळजवळ टाके म्हणजे जुन्या कापडाला भोकांची रांग. पोस्टाची तिकिटं फाडतो तशी ती रांग फाटते.

आता असं करा. नवं ठिगळ हलक्या हाताने काढा, एकेक टाका कापून, ओढू नका. फाटलेल्या कडा कापायच्या नाहीत, ती आईची कडा आहे, राहू दे. तुमचीच एखादी जुनी, मऊ पडलेली सुती साडी घ्या, दहा-बारा वर्षं वापरलेली. तिचा तुकडा भोकापेक्षा चारी बाजूंनी चांगला वीतभर मोठा घ्या आणि लुगड्याच्या खालून सरकवा, लुगडं आणि ती पिशवी यांच्या मधे. मग वरून लांब धावदोरा, विरलेल्या भागाच्या बराच पलीकडे जाऊन, जिथे लुगडं अजून धड आहे तिथे पकडायचं. दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा टणक असतो, जुनेर कापत जातो. दोऱ्याला मेण लावलं तर गुंता होत नाही.

कोरं कापड वापरायचंच असेल तर रात्रभर पाण्यात, मग कढत पाण्यातून दोनदा काढून उन्हात. तरी जुन्याला जुनंच बरं.

आणि मशीनमध्ये धुतलीत ना? खरं सांगा.

राहुरीची लेक

जेंटल मोडवर टाकली होती. 🙈

मत्तयाचं वचन मी शंभर वेळा वाचलंय, दोनदा मंडळात त्यावर बोललेसुद्धा. ठिगळ लावताना एकदाही आठवलं नाही.

वसईचा पाव्लू

आमच्याकडे प्रायश्चित्तकाळात (तुमचा उपवासकाळ तोच) घराघरात रोझरी असते, माळेवरची प्रार्थना. आजीच्या एका हातात माळ, दुसऱ्या हाताने वाल सोलणं चालू. फादरांनी कधी हटकल्याचं आठवत नाही. माळ म्हणजे तरी काय, हाताला दिलेलं कामच. बाकी गोधडीतलं मला काही कळत नाही, आमच्याकडे थंडीच नसते.

मु. पो. जुन्नर

खायचं मी सांगते. हुलग्याचे शेंगोळे. नगर-जुन्नरकडच्या माणसाला हे सुचलं कसं नाही?

पंधरा जणींना 1 किलो हुलग्याचं पीठ, त्यात पाव किलो ज्वारीचं, नाहीतर मळताना फुटतं. लसूण दोन मोठे गड्डे, दहा-बारा हिरव्या मिरच्या, जिरं, मीठ असं वाटून निम्मं वाटण पिठात. घट्ट मळा, भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट. तळव्यावर घोळवून करंगळीएवढ्या जाडीचे वळा आणि कडं करून टोकं दाबा. मोठ्या पातेल्यात फोडणी, उरलेलं वाटण, मग पाणी साधारण पाच-साडेपाच लिटर. पाणी खळाखळा उकळलं पाहिजे, मगच एकेक सोडायचे. सोडल्यावर पहिली पाच मिनिटं डाव घालायचा नाही. घातलात तर पिठलं होईल. वीस-पंचवीस मिनिटांत रस्सा आपोआप दाट होतो. वाटीत वाढा, चमच्याने खायचं, बोटं कोरडी.

वळायला पंधरा जणी आहेतच की. शिवायच्या आधी अर्धा तास शेंगोळे वळून घ्या, हात मोकळे होतात. फक्त नंतर हात नीट धुवायला लावा, लसणाचा वास साडीत राहतो.

बंधू 1958

राहुरीच्या ताई, तुमची ती पिशवी वाचून लिहायला बसलो, एरवी मी इथे नुसता वाचतो.

1972 साली मी चौदा वर्षांचा. आधीच्या वर्षीही पाऊस कमीच होता, त्या साली तर दगाच दिला. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत, माणसं दुष्काळी कामावर. खडी फोडायची, ताली घालायच्या, पाझर तलाव खणायचे. कामावर सुकडी मिळायची, पोषणासाठीचं कोरडं पीठ. अमेरिकेचा मिलो यायचा, लाल ज्वारी, त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. मिलो गोणीत यायचा. सुती पिशवी म्हणजे ती पिठाची असणार. अमेरिकेच्या मदतीवरचं ते मिळवलेल्या दोन हातांचं चित्र मला चांगलं आठवतं. रिकामी पिशवी कुणी टाकत नसे. तिच्या चड्ड्या शिवल्या जायच्या. माझ्या एका चड्डीवर मागच्या बाजूला ते दोन हात होते, शाळेत काय झालं असेल ते समजून घ्या.

त्या वर्षी आमची आई रोज संध्याकाळी प्रभूची प्रार्थना म्हणायला लावायची आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" इथे धाकटा भाऊ दरवेळी हळूच म्हणायचा, "मिलोची नको." एकदा तो मोठ्याने बोलला. आई हसली आणि मग तिने तोंडाला पदर लावला.

पिशवी झाकू नका असं मला वाटतं. पण गोधडी तुमची आहे.

शास्त्रपाठी

तिसऱ्या प्रश्नावर कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो. मार्था आणि मरीया यांची गोष्ट लूक 10 मध्ये आहे. मार्थेची कामाने तारांबळ उडाली आणि मरीया चरणाशी बसून ऐकत होती. प्रभूने कोणाची बाजू घेतली ते स्पष्ट आहे. तुमच्या सूनबाईंचं बरोबर आहे. वचनाच्या वेळी वचन.

वाकळवाली

भाऊ, मार्थेची तारांबळ उडाली होती ती तिचं लक्ष दहा ठिकाणी होतं म्हणून. धावदोऱ्याला लक्ष लागत नाही, हात आपला चालतो. उलट रिकामे हात असले की मी प्रार्थनेत गॅस बंद केला का तेच आठवत बसते.

आणि प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 वाचा. यापो गावची टबीथा, तिलाच दुर्कस म्हणत. ती वारली तेव्हा विधवा रडत प्रेषित पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याला काय दाखवलं? तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं. तिची प्रार्थना किती लांब असायची यावर एक अक्षर नाही.

शास्त्रपाठी

मुद्दा आहे. तरी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीच्या वेळी सुई खाली ठेवाल ही अपेक्षा. 🙂

राहुरीची लेक

गुरुवार पार पडला, म्हणून सविस्तर लिहिते.

बारा जणी आल्या. शेंगोळे वळायला सगळ्यांना बसवलं आणि तिथेच निम्मी प्रार्थना झाली म्हणा, कारण वळता वळता एकीने मुलाच्या नोकरीचं सांगितलं, दुसरीने गाठीचा रिपोर्ट यायचाय ते सांगितलं. एरवी "कोणाचे काही प्रार्थना विषय?" असं विचारलं की सगळ्या जमिनीकडे बघतात.

जुन्नरच्या ताई, पाणी जास्त झालं. मी सहा लिटर घातलं, बायका वाढल्या तर असू दे म्हणून. रस्सा पातळ राहिला. मग दोन चमचे पीठ कालवून सोडलं, निभावलं. डाव मात्र घातला नाही, आमच्या अध्यक्षीणबाईंचा हात दोनदा धरला.

सुयांचं असं झालं. मी ठरवलं होतं की सूनबाईचा मान राखायचा. तिलाच वाचायला सांगितलं आणि सगळ्यांना म्हटलं, सुया ठेवा. ती वाचायला लागली, तेविसावंच निघालं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हणेपर्यंत म्हाताऱ्या शांताबाईंची सुई चालू झालेली. त्यांना ऐकू कमी येतं, त्यांना मी म्हटलेलं कळलंच नव्हतं. त्या आपल्या ओठ हलवत सूनबाईच्या एक ओळ पुढे चालल्या होत्या, पाठ आहे ना. सूनबाईने वाचता वाचता वर बघितलं, थांबली नाही. स्तोत्र संपलं तेव्हा मी उठून शांताबाईंच्या पुढ्यातला दोरा वितेने मोजला. मला राहवलं नाही.

सव्वा वीत. आईचा दीड वीत व्हायचा, पण शांताबाईंचे टाके बारीक आहेत.

नंतर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन झालं आणि तेव्हा कुणीच सुई ठेवली नाही, सूनबाईसुद्धा. तिला धावदोरा येत नाही, टाके पाल चालल्यासारखे वाकडे गेलेत. उसवायचे नाहीत असं ठरलं. वृद्धाश्रमाची एक गोधडी कडेने तीन फेरे होऊन आतल्या चौकटीपर्यंत आलीय, दुसरी अजून नुसती टाचलेली आहे.

आईच्या गोधडीला वाकळवालीताईंनी सांगितलं तसंच केलं. माझी राखाडी साडी खालून सरकवली, लांब टाके, सुती दोरा, मेण. पण बंधूकाकांचं वाचल्यावर त्या साडीला मधोमध चौकोनी खिडकी कापली, पोस्टकार्डाएवढी, आणि कडा दुमडून शिवल्या. आतून ते दोन हात दिसतात. धाकटा नातू आला होता, त्याने बोट घालून विचारलं, "आजी, हे कोण कोणाला शेकहँड करतंय?" मी म्हटलं, तुझ्या पणजीला विचारायला हवं होतं.

आता एवढंच सांगा, ही धुवायची कशी? रिठ्याच्या पाण्यात भिजवू का? पिशवीची छपाई आणखी पुसट व्हायला नको.

वाकळवाली

रिठे चालतील, गार पाण्यात, अर्ध्या तासाच्या वर नको. धोपटायची नाही, पिळायची नाही, आडवी पसरून सावलीत वाळवा. खिडकीच्या जागी उलटीकडून जुना पंचा ठेवा, पाणी तो शोषेल.

आणि त्या वॉशिंग मशीनची वायर काढून ठेवा.