मदत हवी आहे: धमनीतली गुठळी, मायटोकॉन्ड्रियातली एन्झाइम्स आणि काकूंच्या हिरव्या कॅप्सूल

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करते, गाव निपाणीजवळ. इथे डॉक्टर आणि औषधशास्त्रातले जाणकार लिहितात, म्हणून धागा काढतेय. प्रश्न थोडा अभ्यासाचा आहे आणि थोडा घरचा.

आमच्या तात्यांचा, म्हणजे थोरल्या काकांचा, जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. विडी कायम ओठांत. यंदा हार्ट अटॅक आला, कोल्हापूरला अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. आता अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. विडी बंद म्हणतात, पण संध्याकाळी सदरा खुंटीला लावला की खिशातून वास येतो. त्यात एका पाहुण्यांनी व्हिटॅमिन ई च्या हिरव्या कॅप्सूल आणून दिल्या. काकूंचा लगेच फोन: "ह्या चालू केल्या तर ती रक्त पातळ करायची गोळी सोडली तर चालंल काय गं?"

गोळी अजिबात सोडायची नाही, एवढं मी तिथल्या तिथे सांगितलं. नवीन स्टेंटच्या जाळीवर रक्तवाहिनीचं अस्तर पुरतं चढलेलं नसतं आणि उघड्या धातूवर प्लेटलेट्स (रक्तातल्या गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी) भराभर चिकटतात. तात्यांच्या आजारामुळेच सेमिनारला धमनीतल्या गुठळीचा विषय घेतला होता, पण काकूंना "का" ते सांगताना माझीच गाडी अडते.

मला कळलेलं असं. शिरेतल्या गुठळीत फायब्रिन (गुठळीचं जाळं विणणारं प्रथिन) आणि तांबड्या पेशी जास्त, तर धमनीतली गुठळी मुख्यतः प्लेटलेट्सची. प्लेटलेटला केंद्रक नसतं, आयुष्य 7 ते 10 दिवसांचं. अ‍ॅस्पिरिनने तिचं कॉक्स-1 एन्झाइम (प्लेटलेट्सना चिथावणारं रसायन बनवायला लागणारं) एकदा निकामी केलं की तिला ते नव्याने बनवता येत नाही. रोज नव्या प्लेटलेट्स येतात म्हणून गोळीही रोज. केंद्रक नसलं तरी मोजक्या मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) मात्र असतात, आणि त्यांच्यातून थोडे इलेक्ट्रॉन गळून सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक उपद्रवी रूप, तयार होतं. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून प्लेटलेट्सना शांत ठेवत असतं. सुपरऑक्साइड त्यालाच गाठून पेरॉक्सिनायट्राइट करतं, म्हणजे तो लगाम सुटतो. विडी-सिगारेटच्या धुराने हा भार आणखी वाढतो.

मायटोकॉन्ड्रियातलं एसओडी-2 हे एन्झाइम सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. ते पेरॉक्साइड ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ-1 हे पुढचं एन्झाइम, ग्लुटाथायोन या छोट्या रेणूच्या मदतीने, पाण्यापर्यंत नेतं. माझी गाडी अडते ती इथेच. पेरॉक्साइड स्वतःच प्लेटलेट्सना चिथावतं. मग एसओडी-2 ने काम केलं आणि पुढचं एन्झाइम कमी पडलं, तर गुठळीचा धोका घटणार की वाढणार? उंदरांवरच्या कामात फक्त प्लेटलेट्समधून एसओडी-2 काढून टाकलं तरी गुठळी होण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. उलट ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ-1 जास्त असलेल्या उंदरांमध्ये म्हातारपणी वाढणारी गुठळ्यांची प्रवृत्ती रोखली गेली. यावरून खरी नाडी पेरॉक्साइड मोडण्याच्या पायरीवर आहे, असा अर्थ मी लावते. तो बरोबर आहे का? की प्लेटलेटपेक्षा अस्तराच्या पेशींमधलं एसओडी-2 महत्त्वाचं आहे आणि मी चुकीच्या पेशीकडे बघतेय?

यालाच लागून आणखी एक. थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) आणि कोलॅजेन (रक्तवाहिनीच्या भिंतीतलं प्रथिन) दोन्ही प्लेटलेटला एकदम भिडले की मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम भरतं, सायक्लोफिलिन-डी या प्रथिनाच्या ताब्यातलं तिथलं छिद्र उघडतं, आणि फॉस्फॅटिडिलसेरिन ही एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला असणारी चरबी पेशीच्या बाहेरच्या बाजूला येतं. त्यावर गोठण्याचे घटक बसून थ्रॉम्बिन झपाट्याने तयार होतं. ऑक्सिडेटिव्ह ताण (सुपरऑक्साइड, पेरॉक्साइड यांचा वाढलेला भार) हे छिद्र लवकर उघडायला लावतो, हे कळलं. पण अ‍ॅस्पिरिन तर कॉक्स-1 च्या वाटेवर काम करतं. मग ही वाट त्याच्या आवाक्याबाहेरच राहते का? सेमिनारला हा प्रश्न नक्की येणार.

आता कॅप्सूलचं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या साडेनऊ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई दिलं. सरासरी साडेचार वर्षांनीही हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. माझी समजूत अशी, की व्हिटॅमिन ई पेशीच्या आवरणातल्या चरबीत बसून तिथली ऑक्सिडेशनची साखळी तोडतं. मायटोकॉन्ड्रियातल्या पेरॉक्साइडला ते हात लावत नाही. वणवा डोंगरावर आणि पाणी अंगणात, असं काहीसं. ही मांडणी शास्त्राला धरून आहे, की मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतेय? शिवाय जास्त डोसचं व्हिटॅमिन ई या दोन गोळ्यांबरोबर घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल उघडू नका, हेही काकूंना सांगितलंय. पाकीट सध्या देव्हाऱ्याच्या खणात आहे.

काकूंना "अँटिऑक्सिडंट" शब्द टीव्हीमुळे पाठ झालाय आणि पाहुण्यांचा शब्द त्यांना मोठा. घरातल्या पोरीपेक्षा एखाद्या डॉक्टरांनी चार ओळी लिहिल्या तर त्या ऐकतील. तात्यांनी विडी खरोखर सोडण्याचा फायदा कुठल्याही कॅप्सूलपेक्षा मोठा, हेही त्यात आलं तर उपकार होतील.

पुढच्या आठवड्यात तात्यांना तपासणीला कोल्हापूरला न्यायचंय. एन्झाइमचं उत्तर सावकाश दिलंत तरी चालेल, काकूंसाठीचं मात्र लवकर द्या. सोप्या मराठीत लिहा, मी ते फोनवर वाचून दाखवणार आहे.